खोल पाण्यातल्या ओळी

५ जानेवारी

आत्या,

नमस्कार केला आहे असं समज. वाकायला जागा नाही, दुकानातल्या काचा घासायच्या यंत्राशेजारी स्टुलावर बसून लिहिते आहे.

पाकिटात एक पेनड्राइव्ह आहे, तो फेकू नकोस. त्यात मी बनवलेला खेळ आहे, संगणकावरचा. दिवसभर लोकांच्या चष्म्याच्या काचा घासते आणि घरी आल्यावर हे करते. दोन वर्षं झाली, कोणाला सांगितलं नव्हतं.

खेळात चित्रं नाहीत. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. दुसऱ्या कुठल्याशा ग्रहावरचा समुद्र आहे आणि तू एका लहान डब्यात बसून त्यात उतरतेस. बाहेर काय आहे ते पडदा शब्दांत सांगतो. काय करायचं ते तू शब्दांत सांगायचं. ‘खाली जा’, ‘थांब’, ‘ऐक’, ‘दिवा लाव’, असं. मारामारी नाही, गुण नाहीत, जिंकणंही नाही. मग आहे काय, असं तू विचारशील. ते मलाही नीट सांगता येत नाही.

काम असं आहे की तू चाळीस वर्षं लोकांची पुस्तकं तपासतेस, तर माझ्या खेळातल्या चुका जगानं दाखवण्याआधी तू दाखव. छापखान्यात संगणक आहेच. चुका कागदावर लिहून पाठव, फोनवर तू चिडतेस.

बाबा बरे आहेत. हल्ली गप्प असतात.

तुझी
भिंगरी

•

१६ जानेवारी

भिंगरे,

आशीर्वाद. आता रागवायला मोकळी.

मी आयकराच्या कायद्याची पुस्तकं तपासली आहेत, होड्यांच्या इंजिनांची माहितीपत्रकं तपासली आहेत, पण इतकं गोंधळात मला कोणी टाकलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत आमच्या संगणकवाल्याला बसवलं. कपाळावर एक आणि नाकावर एक असे दोन चष्मे लावणारा माणूस आहे, निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. मी सांगायचं आणि त्यानं टायपायचं.

पडद्यावर आलं, ‘तू डब्यात आहेस. बाहेर पाणी आहे. ते पाणी तुला ओळखत नाही.’

मी म्हटलं, “मला एकेरीत कोण बोलतंय?”

तो म्हणाला, “बाई, मशीन आहे. त्याला काय कळतंय!”

“ज्याला कळत नाही त्यानं तर अहो-जाहोच करावं,” मी म्हटलं. “विचारा त्याला, कोण बोलतंय.”

उत्तर आलं, ‘हा शब्द मला कळत नाही.’ मग मी ‘का?’ असं विचारायला लावलं. तेच उत्तर. संगणकवाला म्हणाला, “अगदी आपल्या मालकांसारखं आहे.” शेवटी ‘खाली जा’ असं अकरा वेळा म्हटलं. मग पडदा म्हणाला, ‘एक थवा गेला. मासे नव्हते. नुसती जागा हलली.’ थवा पक्ष्यांचा असतो, हे पहिलं. दुसरं म्हणजे, जागा कशी हलेल? पण खरं सांगते, त्यानंतर मी पोळीभाजीचा डबा तसाच बंद करून ठेवला आणि संगणकवाला खुर्ची सोडीना.

चुकांची यादी सोबत आहे. एक्केचाळीस आहेत. ‘क्षितिज’ तू तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलं आहेस, निदान एकाशी तरी प्रामाणिक राहा.

आता एक न कळलेली गोष्ट. वरच्या पाण्यात तुझी वाक्यं लांबलचक आहेत, जरा नटवी. फार खोल गेल्यावर ती एकदम तुटक होतात. ‘पाणि थंड. आणी हात दिसत नाही.’ हे काय? ‘पाणी’ दीर्घ, ‘आणि’ ऱ्हस्व, तू बरोबर उलटं केलं आहेस, आणि वरच्या पाण्यात ही चूक एकदाही नाही. खालचं घाईत लिहिलंस का?

तुझा बाप गप्प असतो हे कळवण्यासारखं काय आहे त्यात? जन्मला तेव्हा नर्सनं चापट मारली म्हणून एकदा रडला, तेवढंच.

आत्या

•

२३ जानेवारी

आत्या,

यादी मिळाली. चाळीस चुका मान्य. थवा तसाच ठेवते, कारण ते मासे नव्हतेच.

पण ‘पाणि थंड’ हे मी लिहिलेलं नाही! मी जुनी प्रत काढून पाहिली, तीत ते नाही.

तुला कळावं म्हणून सांगते. खेळातलं सगळं लिखाण एका साध्या फाइलीत असतं. जितकी खोल जाशील तितकी पुढची यादी, आणि त्या यादीतली एखादी ओळ खेळ आपली आपण उचलतो. सगळ्यात खालच्या यादीत माझ्या फक्त सहा ओळी होत्या. मी गेले कित्येक महिने वरचंच पाणी घोटत बसले आहे, इतकी खाली गेलेच नाही.

तुमच्या संगणकवाल्यानं गंमत केली का? रागावू नकोस, पण विचार. आणि खालच्या पाण्यात जे जे दिसेल ते जसंच्या तसं उतरवून पाठव. चुकांसकट. माझं डोकं चालेनासं झालं आहे. फाइल माझ्याकडेच आहे, ती मी स्वतः उघडून बघू शकते हे मला कळतं, पण माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास उरलेला नाही. आधी तू काय पाहिलंस ते मला हवं आहे.

भिंगरी

•

२ फेब्रुवारी

भिंगरे,

संगणकवाल्याला विचारलं. त्यानं दोन्ही चष्मे काढून शपथ घेतली. वर म्हणाला, “बाई, मला असं लिहिता आलं असतं तर मी इथे लग्नपत्रिका कशाला जुळवत बसलो असतो?” मग चार दुपारी आम्ही खालीच होतो. तुझ्या सहा सोडून एकोणीस ओळी मिळाल्या. वेगळ्या कागदावर सगळ्या आहेत, इथे थोड्या देते.

‘नळ धरून चालायचं. नळ सुटला तर कुठेच नाही.’

‘सहा जण आणी एक लोखंडी खोली.’

‘माशाला माणूस माहीत नाही. तो तोंडाजवळ येऊन बघतो. बरं वाटतं.’

‘वर आलो. पण वर आलो नाही.’

या शेवटच्या ओळीपुढे मी समासात प्रश्नचिन्ह केलं आहे. दोन वाक्यं एकमेकांना खोडतात.

पण लिहिणारा कोण, याबद्दल मला शंका नाही. माणूस अक्षर बदलेल, सही बदलेल, चूक बदलत नाही. ‘पाणी’ आणि ‘आणि’ यांची ही अदलाबदल मी एका पोराच्या वहीत तांबड्या पेन्सिलीनं वर्षानुवर्षं सुधारली आहे. त्याला मीच लिहायला शिकवलं. तो तुझा बाप आहे.

मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. सात वर्षांत बहिणीला एक ओळ नाही, आणि नसलेल्या समुद्राला एकोणीस?

तू तेव्हा परीक्षेला गेली होतीस, म्हणून तुला कधी नीट कळलं नाही. आई गेली त्या दिवशी मी त्याच्या कंपनीत फोन केला, समुद्रात उतरून नळ दुरुस्त करणाऱ्यांच्या. तिथला माणूस स्वच्छ म्हणाला, “ते वर आलेत. जहाजावरच आहेत.” जहाजावर होता! किनाऱ्यापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. आणि आला सहाव्या दिवशी, सगळं आटोपल्यावर. दारात माणसं होती, त्यांच्यादेखत मी विचारलं, “पाच दिवस काय करत होतास?” त्यानं खाली ठेवलेली बॅग उचलली आणि जिना उतरला. तो पुन्हा चढला नाही आणि मी बोलावलं नाही.

त्याला सांग, खेळात शब्द खर्च करायचे तर निदान शुद्ध लिही.

आत्या

•

९ फेब्रुवारी

आत्या,

हे आधीच सांगायला हवं होतं. आता कितव्यांदा लिहायला घेतलं आहे ते मोजत नाही.

ऑक्टोबरात बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, पाय अर्धा परत आला, बोलणं पूर्ण गेलं. ‘गप्प असतात’ असं मी लिहिलं ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. दवाखान्यात मी विचारलं, “आत्याला कळवू?” तर त्यांनी इतक्या जोरात मान हलवली की नाकातली नळी निघाली, नर्स धावत आली. मी समजले की राग अजून गेलेला नाही. त्या अवस्थेत त्यांना दुखवायचं नव्हतं, म्हणून तुला कळवलं नाही. तू मला काहीही म्हण.

बोलायला शिकवणाऱ्या बाई येतात. त्यांनी पाटी दिली, डाव्या हातात खडू दिला. बाबांनी खडू ठेवून दिला. तीनदा दिला, तीनदा ठेवला. बाई मला बाहेर घेऊन म्हणाल्या, “लिहिणंही गेलेलं दिसतंय.” आम्ही तसंच धरून चाललो.

माझा संगणक त्यांच्याच खोलीत आहे, खिडकीशी. मी दुकानात जाताना फाइल उघडीच राहते. दिवसभर ते त्याच खुर्चीत असतात, कारण ऊन तिथेच येतं. मला कधी सुचलंच नाही.

तुझं पत्र आल्यावर मी विचारलं, “बाबा, तुम्ही लिहिलंत?” त्यांनी डोळे मिटून घेतले. हो की नाही, काही कळलं नाही. मग मी फाइल उघडली. तुझ्या एकोणीस होत्याच, आता तेवीस आहेत. नव्या चार अशा:

‘खाली हवा वेगळी देतात. तिच्यात आवाज बदकासारखा होतो. सगळे हसतात.’

‘दार पाच दिवसांनी उघडतं. आधी उघडलं तर माणूस जागीच मरतो.’

‘काचेला कागद लावला. आई गेली. आणी दार बंद.’

‘फोन आत दिला. ताई म्हणालो. बदक म्हणालं. ताईनं ठेवला.’

हे माझ्या ग्रहावरचं नाही एवढं मला कळलं. बाकी काही कळेना. पाणबुडे खाली जातात, नळ दुरुस्त करतात, वर येतात, इतकंच मला माहीत. म्हणून रविवारी बाबांच्या जुन्या जोडीदाराकडे गेले. खाली दोघं एकत्र काम करायचे. त्यांनी मला चहा दिला आणि सगळं ऐकून घेतलं.

“तुला त्यानं सांगितलं नाही कधी?” ते म्हणाले. “फार खोलातलं काम असलं की रोज वरखाली करता येत नाही, पोरी. महिनाभर लोखंडी खोलीत राहायचं. खोली जहाजावरच असते, पण आत दाब समुद्रतळाचा. काम संपलं की तो दाब हळूहळू उतरवायचा, त्याला पाच दिवस लागतात. तेवढ्यात बाहेर जग बुडालं तरी दार उघडता येत नाही. काचेतून माणसं दिसतात, हातभर अंतरावर.”

“आणि आवाज?”

“आतल्या हवेत हेलियम असतो. मोठा दांडगा माणूस चिं चिं करतो. तुझ्या आजीची बातमी आली तेव्हा मी त्याच्या शेजारी होतो. त्यानं घरी फोन लावून मागितला. लावून दिला. तो बोलला, मग नुसता फोनकडे बघत बसला. आम्ही विचारलं नाही.”

आत्या, तो फोन तुलाच होता का?

भिंगरी

•

४ मार्च

भिंगरे,

उत्तराला इतके दिवस लागले. या दिवसांत माझ्या हातून एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेखकाचं आडनाव चुकीचं गेलं. संगणकवाल्यानं माझ्या टेबलावरचे गठ्ठे उचलून आपल्याकडे नेले आणि म्हणाला, “बाई, काही दिवस तुम्ही नुसत्या बसा.”

हो, मलाच होता.

घर माणसांनी भरलेलं होतं. फोन वाजला, मी उचलला. पलीकडे चिरका, घाणेरडा आवाज, खेळण्यातल्यासारखा. “ताई, ताई” करत होता. मला वाटलं गल्लीतल्या कोणा टवाळाला आजच सुचलं. मी म्हटलं, “लाज वाटत नाही?” आणि ठेवला. सात वर्षांत मला ते एकदाही आठवलं नव्हतं. तुझं पत्र वाचलं आणि तो आवाज जसाच्या तसा कानात आला. तो त्याचाच होता, हे आता ऐकू येतं. ‘ताई’मधला ‘ता’ तो लांबवतो.

मला काय काय कळत नाही ते सांगते. दारात मी विचारलं तेव्हा त्यानं एक वाक्य का बोलू नये? दार बंद होतं, एवढं तरी. आणि मी तरी पुन्हा का विचारलं नाही? मी दुसऱ्यांच्या वाक्यात हरवलेला एक शब्द शोधायला तीन शब्दकोश उघडते. भावाच्या बाबतीत मी एकही उघडला नाही. आणि त्या ओळी त्यानं कोणासाठी लिहिल्या? मी वाचणार हे त्याला माहीत होतं का? तू त्याला सांगितलं होतंस का, की खेळ आत्याकडे जातोय?

सोबत त्याच्यासाठी वेगळी चिठ्ठी आहे. तू वाचून दाखवू नकोस, त्याच्या हातात दे. वाचता येतं का त्याला? हेही मला तुला विचारावं लागावं!

तुझ्यावर मी रागावलेले नाही. मान हलली ती तूही वाचलीस आणि चुकलीस. आपल्या घरात तेच चालत आलं आहे.

आत्या

(सोबतची चिठ्ठी)

धाकट्या,

तो फोन मी ठेवला. मला कळलं नाही की तू आहेस. हे कारण आहे, माफी वेगळी मागते आहे.

खेळात मी तुझ्याजवळ येऊन पोचले ते चुका सुधारायला. एकही सुधारलेली नाही.

एकच विचारते. पुन्हा फोन का केला नाहीस?

मी यायला निघू का? नको असेल तर नको म्हण. या वेळी मी कोणाकडून ऐकणार नाही, तुझ्याकडूनच हवं.

ताई

•

१९ मार्च

आत्या,

त्यांना वाचता येतं. चिठ्ठी त्यांनी खिडकीत धरून वाचली, मग मांडीवर ठेवली, मग परत वाचली. मी उभीच होते. त्यांनी डाव्या हातानं मला दाराकडे बोट दाखवलं. मला वाटलं, दार लावून घे म्हणतात. लावलं. तर अजून बोट. तेव्हा कळलं की मीच बाहेर जायचं आहे.

मी संगणकावर एक कोरी फाइल उघडून दिली आणि जिन्यावर जाऊन बसले. बराच वेळ काही नाही. मग एक टक् आला. मग खूप वेळानं दुसरा. दुकानातून सहा दिवस अर्धी रजा घेतली, रोज दुपारी हेच. वरच्या मजल्यावरची शेजारीण दोनदा विचारून गेली की मी किल्ली हरवली आहे का.

तिसऱ्या दिवशी बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या. मी त्यांना दाराच्या फटीतून दाखवलं. त्या कुजबुजल्या, “मग पाटीवर का नाही लिहिलं?” त्यांनीच स्वतःला उत्तर दिलं, “डाव्या हाताचं अक्षर पहिलीतल्या मुलासारखं येतं. इथे सगळ्यांची अक्षरं सारखीच.” मग त्या पाटी न काढताच गेल्या.

खेळ तुझ्याकडे जातोय हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. तुझं नाव काढायलाच घाबरत होते.

त्यांनी लिहिलेलं छापून सोबत पाठवते आहे. मी वाचलेलं नाही. छापताना एक ओळ दिसली, तेवढीच.

भिंगरी

(सोबतचा कागद)

ताई

एका हातानं लिहितो. एक अक्षर शोधायला वेळ लागतो. पोरगी जिन्यावर बसली आहे, तिला वाटतं मला ऐकू येत नाही.

खेळ कुणाकडे जाणार माहीत नव्हतं. पोरीचं पाणि खोटं होतं. ती कधी खाली गेली नाही. म्हणून नीट केलं. मग बाकीचं येत गेलं. इतक्या खाली कोण येतंय, असं वाटलं.

दवाखान्यात नको म्हणालो ते रागानं नाही. तोंड वाकडं होतं. तू बघितलं असतंस.

दारात सांगायला हवं होतं. सगळे बघत होते. पाच दिवस काचेच्या आत बसून आलो होतो आणी बाहेर येऊनही सगळे काचेतून बघतात तसंच वाटलं. शब्द आला नाही. नंतर फार दिवस झाले. मग आणखीच झाले.

पुन्हा फोन केला होता. दोन तासांनी. तू उचललास. तीनदा हॅलो म्हणालीस. मी बोललो नाही. बोललो असतो तर बदक झालं असतं. मागे कुणीतरी तुला हाक मारली. तू म्हणालीस, थांबा जरा, कुणीतरी आहे लाइनवर. आणी ठेवला नाहीस. तुझा श्वास ऐकू येत होता. मागे भांडी वाजत होती. कुणीतरी आईच्या खोलीचं दार लावलं, त्याचा आवाज मला माहीत आहे. किती वेळ ते माहीत नाही. मग लाइन गेली.

तेवढा वेळ मी घरी होतो.

ये. मला बोलता येत नाही, तू बोल. डाव्या कानानं मला कमी ऐकू येतं, ते पाण्यामुळे, जुनं आहे. उजवीकडे बस.

धाकटा